दुपारचा नियम

खुएने ते वाक्य पुसले आणि ती पुढच्या पानावर आली. तिथेही तेच होते: 'शंका आली तर खुएताईला विचार.'

महामार्गावरच्या बसथांब्यांवर जी तिकिटांची मशिने होती, त्यांचे सेटिंग दानांग शहरातल्या या कचेरीत बसून बदलता येई. त्यासाठीचे सॉफ्टवेअर कसे वापरायचे, हे खुएने वर्षानुवर्षे लिहीत आणले होते. नव्याने लागलेल्या पोरापोरींसाठी, धाकट्या भावंडांना सांगावे तसे. 'हे बटण दाबण्याआधी पाणी पिऊन ये, घाई करू नकोस.' आता ते काम एक एआय एजंट करणार होता. त्याला तहान लागत नव्हती आणि घाईचे त्याला काही नव्हते. त्याला हवी होती सरळ कारणे. म्हणून जिथे जिथे ताईला विचारायला सांगितले होते, तिथे तिथे उत्तर लिहायचे आणि ताईला काढून टाकायचे.

विन्ह तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तोही कधीकाळी तिच्याच हाताखाली शिकलेला. आता साहेब होता, पण 'ताई' म्हणायचे सोडले नव्हते.

"ताई, बारा ते दीड काहीच बदलायचं नाही, हा नियम कशाला? कारण दिलेलंच नाही."

"माणसं झोपतात."

विन्ह हसला. "एजंट नाही झोपत."

"थांब्यावरच्या तिकीटखिडकीतली माणसं रे. सेटिंग बदललं की मशीन बंद होऊन चालू होतं, आणि तो प्रिंटर असा काही किंचाळतो! सा हुइन थांब्यावरच्या लाय आत्यानं मला किती शिव्या घातल्यात, तुला काय माहीत."

"आता खिडकीवर जातंय कोण, ताई? लोक फोनवर तिकीट काढतात. आणि दुपारी गिऱ्हाईक कमी. बदल करायला तीच वेळ बरी." तो जरा घुटमळला. "तुम्ही म्हणाल तर ठेवतो. पण कारण लिहा. आजचं कारण."

तो गेला. पूर्वी जेवणे झाली की या खोलीत दिवे मालवून सगळे ओळीने घडीच्या खाटा टाकत. कोणाचे घोरणे, कोणाचे कुजबुजणे चाले. आता बहुतेक जण घरून काम करत. कपाटामागे एकच खाट उरली होती, खुएची.

तिने डबा बाजूला सारला आणि फोन उचलला. पहिल्या थांब्यावर घंटा वाजत राहिली. दुसरा नंबर अस्तित्वातच नव्हता. तिसरा सा हुइनचा.

"कोण तडफडतंय आत्ता?"

खुए दचकली. तिने घड्याळाकडे पाहिले. ऐन दुपार होती.

"आत्या, मी खुए. दानांगहून."

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"खुए? आहेस होय अजून?"

"झोपमोड केली का?"

"झोपतेय कुठली! नुसती पडलेय. खिडकीवर चिटपाखरू फिरकत नाही. मिठागरावरचा वारा तेवढा येतो. बोल, काय काढलंस?"

खुएने सांगितले. दुपारी मशीन वाजू नये म्हणून नियम घातला होता, तो ठेवायचा की नाही असे विचारताहेत. कोणी झोपत असेल तर तसे लिहिता येईल.

"तो नियम तू घातलास?"

"तुमच्यासाठीच, आत्या. तुम्हीच तर रोज..."

"तरीच! एकाएकी दुपारचं मशीन वाजायचंच बंद झालं. मला वाटलं, पोरीनं नोकरी सोडली." म्हातारीचा आवाज खाली आला. "वाजलं की मी फोन उचलायचे. तुला दोन शिव्या हासडायचे. तू 'चुकलं आत्या' म्हणायचीस, मग जेवलात का विचारायचीस. आमचे हे गेल्यावर दुसरं होतं कोण विचारायला? वाजेना, तेव्हा फोन तरी काय म्हणून करायचा?"

खुएने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"जेवलात का आत्या?"

"जेवले. सुकी मासळी तळली होती. तू?"

"जेवते आता."

"मग जेव की. आणि ठेव, कंपनीचा फोन आहे म्हणून काय दिवसभर बोलायचं?"

संध्याकाळी निघताना विन्ह पुन्हा आला. वाद घालायच्या तयारीनेच आला होता.

"कारण सापडलं, ताई?"

"नाही. काढून टाक तो नियम."

त्याला खरे वाटेना. "सगळीकडचा? सा हुइनला ती आत्या असेल अजून, तर तेवढं एक ठेवू या. एजंटला काय, जड नाही."

"नको," खुए म्हणाली. "सा हुइनचा आधी काढ."

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर एजंटने एकेक थांबा घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर नावापुढे हिरवी खूण उमटे, मग पुढचे नाव. सा हुइनपुढे खूण उमटली तेव्हा खुएने खाट उघडली नव्हती. तिने फोन जवळ ओढून घेतला होता, आणि जेवणाचा डबा समोर तसाच बंद ठेवून ती बसली होती.