झिणझिण्या

चाकणच्या कंपनीत पत्र्याने मनगटातली नस कापली, तेव्हापासून वायरमन उद्धवरावांचा अंगठा बधिर होता. डॉक्टरांनी तुटलेल्या टोकांमध्ये वीजवाहक नळी बसवली होती. तिच्या आधाराने नस वाढावी म्हणून रोज हलका करंट घ्यायचा. ज्या करंटपासून जन्मभर लोकांना लांब ठेवलं, तोच आता म्हणे औषध!

आज रावेतच्या घरी फ्रिज उघडताना अंगठ्याला झिणझिण्या आल्या. "अगं सुमन, फ्रिजला हात लावू नकोस, बॉडीत करंट उतरलाय!" असं बायकोला ओरडून सांगत त्यांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. अंगठा मात्र झिणझिणतच राहिला.

म्हणजे नस वाढली होती!

पण फ्रिजला हात लावायला सुमनताई होत्याच कुठे? त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.