चतुराबाईच्या गच्चीवरच्या सहा प्लेटा

मित्रांनो, मी गच्ची आहे. सव्वीस वर्षांची जुनी, आणि सध्या फार चिडलेली. गच्चीला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. माझं आयुष्य ऐका, मग ठरवा.

माझा जन्म आसेगावातला, वैशाखातला. त्या काळी आमच्या गल्लीत सगळी घरं टिनाची. पहिला स्लॅब पडला तो इंद्रभानच्या घरी, म्हणजे मीच. टोपल्यांची रांग लागली, हातोहात माल वर चढला, आणि इंद्रभानची बायको चतुराबाई दिवसभर चुलीपुढे होती. तीसेक माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. मला मात्र तहान लागली होती. नवा स्लॅब पाण्यावाचून तडकतो. चतुराबाईनं माझ्यावर मातीची आळी घातली आणि एकवीस दिवस घागरीनं पाणी वाहून ती भरली. इंद्रभान पारावर बसून सांगत होता, "म्या स्लॅब टाकला!" मी वरून ऐकत होते. माझं अंग पाणी पिण्यात गुंतलं होतं, नाहीतर तेव्हाच बोलले असते.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. मी फार मोठी नाही. पाण्याची टाकी आणि जिन्याचं तोंड सोडलं, तर एका लग्नाची पंगत कशीबशी बसेल एवढी. पण सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्यावर सावली पडत नाही. हा माझा खरा गुण. तो चतुराबाईनं ओळखला. तिनं कुरडया घातल्या, कणकेचे सरगुंडे काडीवर वळले, मुगाच्या वड्या टाकल्या. काळी छत्री उघडून मधोमध ठेवली की कावळे फिरकत नसत. वड्या खडखडीत वाळत. हळूहळू आसपासच्या गावांतही कळलं, की चतुराबाईच्या गच्चीवरची वडी वर्षभर टिकते.

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी मुगवड्या टाकतात. पाच सवाष्णी बसतात, पहिल्या पाच वड्यांना हळदकुंकू लावतात, गाणी म्हणतात. त्या पाच वड्या अखंड वाळल्या पाहिजेत. एखादी फुटली तर म्हाताऱ्या बाया तोंडानं काही बोलत नाहीत, पण एकमेकींकडे बघतात. असं जोखमीचं काम लोक चतुराबाईवर सोपवत. त्याची तिला मजुरी मिळे. तिचा मुलगा गणेश आयटीआय शिकला तो याच वड्यांवर. ही गोष्ट घरात कोणी कधी बोललं नाही. मला ठाऊक आहे, कारण ओल्या डाळीची पातेली माझ्यावर आपटत होती.

गेल्या माघ महिन्यात करण नावाचा एक पोरगेला एजंट आला. हातात मोठा चपटा फोन, शर्टावर सूर्याचं चित्र. ओसरीवर बसून त्यानं इंद्रभानला सोलर समजावलं.

"काका, बिल झिरो. थोडं अनुदान सरकार देते, बाकीचं कर्ज बँक देते. तुमच्या खिशातून काहीच नाही."

"म्हंजे फुकट?"

"फुकटच समजा!"

मित्रांनो, या शब्दाची मला भयंकर चीड आहे. अनुदान नंतर येतं. आधी सगळी रक्कम उभी करावी लागते. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, मग ढग असोत की ऊन. हे करण बोलला, पण इतक्या भरभर, की ते इंद्रभानच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं.

गणेशची बायको योगिनी दारात उभी होती. तिनं विचारलं, "आपल्याले किती मोठं लागते? एक किलोवॅटचं किती, दोनचं किती?"

"वहिनी, तीनचं घ्या. मोठं घेतलं तर अनुदानही मोठं."

"तू च्या ठेव वं," इंद्रभान म्हणाला. योगिनी चहा ठेवायला गेली. पण तिचा चेहरा काही चहा ठेवायला गेला नाही, तो दारातच राहिला.

करण माझ्यावर चार मिनिटं होता. टेप लावली, फोटो काढले, आणि वाळत टाकलेल्या मिरच्या बुटानं बाजूला सारल्या. "काकू, हे सामान हटवावं लागेल."

"सामान नाई ते," जिन्यातून चतुराबाई म्हणाली. "मिरच्या हायेत."

इंद्रभान वर आलाच नाही. गुडघे दुखतात त्याचे. दहा वर्षांत तो माझ्यावर चढला नव्हता, आणि माझा सौदा मात्र त्यानं खाली बसून केला.

होळीच्या आधी सामान आलं. माझ्या अंगात ड्रिलनं भोकं पाडली, त्यांत बोल्ट ठोकले, वर लोखंडी सांगाडा आणि त्यावर सहा प्लेटा. एका बाजूनं गुडघ्याइतक्या, दुसऱ्या बाजूनं कमरेइतक्या उंच. ना खाली बसता येत, ना वरून जाता येत. उरली ती टाकीभोवतीची पट्टी, तिच्यावरही अर्धा दिवस सावली. इंद्रभानच्या फोनवर आज किती वीज झाली ते दिसू लागलं. तो ते पारावर नेऊन दाखवू लागला. गावात माझी तारीफ झाली म्हणे. माझी कसली? मी तर दिसतच नव्हते.

चैत्र आला. गोमतीबाईच्या नातीचं, वैभवीचं लग्न ठरलं होतं. वीस किलो मुगाच्या वड्यांचा शब्द चतुराबाईनं दिवाळीतच दिला होता. तो ती कशी मोडणार? तिला वाटलं, करू काही तरी. पहाटे डाळ वाटली, उजाडल्यावर बाया पातेली घेऊन वर आल्या आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या.

"माय वं! बसाचं कुठी?" गोमतीबाई म्हणाली.

पाचजणी टाकीमागं दाटीवाटीनं बसल्या. पहिल्या पाच वड्या तिथंच एका ताटात पडल्या. पण बाकीची सगळी डाळ? त्यांच्यातल्या कमलीबाईनं प्लेटेवर हात ठेवला आणि चटकन काढला. "तवा हाय हा! चतुराबाई, इच्यावरच टाकू. काच त हाय, पुसून घेतली का झालं."

सगळ्यांना पटलं. ताटातल्या त्या पाच वड्याही सावली नको म्हणून उचलून काचेवरच ठेवल्या. आमच्या गावाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही. मी ओरडून सांगणार होते, पण गच्चीचं कोण ऐकतं? दहा वाजेपर्यंत सहाही प्लेटा वड्यांनी भरल्या. दिसायला इतकं सुंदर, की दृष्ट लागावी.

साडेअकराला अंगणातून इंद्रभानचा आवाज आला. "अहो कोन हाय वर? फोनवर वीज काहून उतरून राह्यली? ढग नाई, काई नाई!"

"ढग नाई, वड्या हायेत," योगिनीनं सांगितलं.

"काढा! लाख-दोन लाखाचं काम हाय ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

काढा म्हणणं सोपं असतं. तापल्या काचेवर मुगाचं पीठ असं चिकटलं होतं, की जणू सिमेंटच. बायांनी सराट्यानं, म्हणजे पोळी उलटायच्या त्या उलथन्यानं, खरवडायला घेतलं. निम्म्या वड्यांचा चुरा झाला. काचेवर ओरखडे पडले. आणि हळदकुंकवाच्या पाचांपैकी तीन फुटल्या.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गोमतीबाईनं उरलेली ओली डाळ बादलीत भरली, पदर सावरला आणि म्हणाली, "चतुरे, तुयावर भरोसा ठेवला होता वं." मग ती जिना उतरून गेली. त्या लग्नाच्या वड्या पुढं अनसिंगला तिच्या लेकीकडं झाल्या. सव्वीस वर्षांत चतुराबाईच्या हातून परत गेलेलं ते पहिलं काम. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि नखातलं पीठ काढत राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओरखडे बघायला करण आला. कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, हे त्यानं आधी सांगितलं. मग उपाय सांगितला. "सांगाडा आठ फूट उंच करू, काकू. पस्तीस हजार वेगळे लागतील. पण खाली मस्त सावली. आरामात बसा!"

चतुराबाई उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"सावली? सावलीत वडी वाळते का रे बाबू? मले सावली कायले पाह्यजे? मले ऊन पाह्यजे! माह्यं ऊन तू यांले इकलं, आन आता पस्तीस हजारात मले सावली इकून राह्यला?"

करण जिन्याकडं सरकला. जिन्यात दम खात इंद्रभान उभा होता. भांडण ऐकून तो दहा वर्षांनी वर आला होता.

योगिनी विजेचं बिल घेऊन सासऱ्यापुढं आली. "मामाजी, हे पाहा. बारा महिन्यांचे युनिट इथं छापलेले असतात. मे महिन्यात कूलर चालते तवा दोनशे दहा. थंडीत साठ-सत्तर. सरासरी सव्वाशे. आन हे जे बसवलं, ते महिन्याले साडेतीनशे करते. उरलेली वीज कोनाच्या लग्नात वाढाची?"

"जास्तीच्या विजेचे पैसे मिळतात ना वर्षाच्या शेवटी," करण म्हणाला.

"कोन्या भावानं?"

भाव त्याला ठाऊक होता. तो फार कमी होता, म्हणून त्यानं फोनमध्ये डोकं घातलं.

"तीन प्लेटा काढून घे मंग," इंद्रभान म्हणाला.

"अनुदान तीन किलोवॅटचं आलंय, काका. कमी नाही करता येत. फार तर तीन गोठ्याच्या टिनांवर हलवू."

"गोठ्यावर जमते? त आधीच काहून नाई लावल्या तिथं?"

"वायर जास्त लागते," करण हळूच म्हणाला.

ऐका, मित्रांनो! वायर लागते म्हणून! काही मीटर वायर वाचवायला त्यानं एका बाईची सव्वीस वर्षांची जागा खाल्ली. आणि त्याच्या कागदावर वायरचा खर्च होता, बोल्टचा होता, मीटरचा होता. चतुराबाईच्या उन्हाचा रकाना नव्हता. मी सोलरच्या विरुद्ध नाही. मी तर जन्मभर ऊन खाऊनच जगले. प्लेटा चांगल्या आहेत बिचाऱ्या, त्यांना काय कळतं! माझा राग आहे तो खाली बसून वरचा हिशेब करणाऱ्यांवर. तुमच्या घरी सोलर लावायचं असेल तर जरूर लावा. पण आधी बिलावरचे बारा महिन्यांचे आकडे वाचा, आपल्याला लागतं तेवढंच घ्या, अनुदान कधी येणार आणि हप्ता किती वर्षं जाणार ते कागदावर मागा. आणि त्या कागदावर सही करण्याआधी, घरातलं जे माणूस रोज गच्चीवर जातं, त्याला सोबत घेऊन वर चढा. विचारा, तू इथं काय करतेस?

सोयाबीनच्या पैशातून प्लेटा हलवायचं ठरलं. कामगारांनी तीन प्लेटा उतरवल्या त्या दुपारी इंद्रभान परत वर आला. भर एकची वेळ. दोन मिनिटांतच तो पाय उचलून उचलून ठेवू लागला.

"एवढ्या उन्हात रोज चढतं तू?"

चतुराबाई विटेचा तुकडा घेऊन वाकली आणि माझ्या अंगावर रेघ ओढत गेली, या कोपऱ्यापासून टाकीपर्यंत, टाकीपासून कठड्यापर्यंत. रेघेच्या एका बाजूला तीन प्लेटा, दुसऱ्या बाजूला ती.

कामगारांसोबत आलेला करण टेप घेऊन पुढं झाला. "काका, प्लेटा धुवायला इकडं एक फूट अजून लागेल."

इंद्रभाननं रेघेकडं पाहिलं. मग तो रेघेच्या बाहेर सरकून उभा राहिला.

"मले काय इचारतं? तिले इचार."

करण वळला. "काकू, एक फूट?"

चतुराबाईनं कपाळावर हात धरून सूर्य कुठं आहे ते पाहिलं, मग रेघेकडं पाहिलं.

"नाई," ती म्हणाली.