नाल्याकडची काळी जमीन

आमच्या ह्यांना संशय यायला फारसं काही लागत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यामागे कोण आहे ते शोधतील. त्यात आम्ही दोघं नरडाण्याला नणंदेकडे आठवडाभर राहून भडगावला परतलो, तर आमच्या सामाईक शेतात खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या. माझे धाकटे दीर लीलाधर भाऊजी जळगावच्या कपाशीवाल्या साहेबांना जमीन दाखवत होते. काळी कुठवर, मुरमाड कुठून, पाणी कुठे साचतं, शेणखताचा ढीग कुठे असायचा, सगळं साहेब विचारत होते. बांधावर तांब्या, आणि तांब्यात चिठ्ठ्या.

आमच्याकडे असं फक्त वाटणीच्या वेळी विचारतात. सासऱ्यांची त्यांच्या भावांशी वाटणी अशीच झाली होती. काळीचे तुकडे वेगळे, मुरमाडीचे वेगळे आणि दोन्हींच्या चिठ्ठ्याही वेगळ्या, म्हणजे सगळी चांगली जमीन एकाच्याच पदरात पडायला नको. ह्यांचा चेहराच उतरला. माझ्या कानाशी म्हणाले, लीलाधरने पाठीमागे डाव साधला.

साहेबांनी ह्यांनाही तेच विचारलं. हे ठासून म्हणाले, "बठ्ठी जमीन एकसारखी शे." फरकच नाही म्हटलं की काळी-मुरमाडीचे तुकडे पाडता येणार नाहीत आणि वाटणी अडेल, असा ह्यांचा हिशेब. भाऊजी बघतच राहिले. नाल्याकडची कपाशी छातीला लागते आणि वरची गुडघ्याला, हे साऱ्या गावाला माहीत.

साहेब शांतपणे म्हणाले, "फरक लपला तर एखादं वाण नुसतं नाल्याकडे पडलं म्हणून सरस ठरेल."

"वाण?" म्हणत ह्यांनी तांब्यात हात घालून एक चिठ्ठी उघडली. आत कपाशीच्या वाणाचा नंबर. मग साहेबांनी समजावलं. नवी वाणं चार, त्यांची चाचणी आमच्या शेतात घ्यायची. जमिनीच्या फरकाप्रमाणे शेताचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात चारही वाणं लावायची आणि कुठलं कुठे ते त्या-त्या पट्ट्याच्या चिठ्ठ्या ठरवणार. पट्टे उताराप्रमाणे पाडायचे की खताप्रमाणे, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

हे मोठ्याने हसले. म्हणाले, मला वाटलं वाटणीच चालली आहे. साहेबही हसले. भाऊजी हसले नाहीत.

संध्याकाळी भाऊजींनी ताट पुढे सरकवलं.

"भाऊ, मना मनमा वाटनी नै व्हती. तुमना मनमा ती व्हयीबी गयी. आते करीच टाकू."

ह्यांच्या मनात झालेली वाटणी भाऊजी आता खरोखरच करायची म्हणत होते. मला ह्यांचा इतका राग आला की पाणीसुद्धा विचारलं नाही. भाऊजींना मी खूप विनवलं, पण ते उठून ओट्यावर गेले. माझी जाऊ प्रमिला रडत रडत फडताळातली भांडी वेगळी काढू लागली. माझ्या माहेरची पितळी बाजूला, तिच्या माहेरची बाजूला. एकाही भांड्यापाशी तिचा हात अडला नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. तरीही माझ्या मनात आलं, हिने हे आधीच ठरवून ठेवलं असेल.