हलकेबाबांची टेप

हॉलबाहेर चपलांचा ढीग.

शिलाई मशीनची सुई बोटात. पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा थेंब.

"दोन इंच गेले! वाजवा टाळ्या!"

कपाटाच्या आरशावर टाकलेली चादर.

हे सगळं एकाच आठवड्यातलं. टाळ्या धाकट्या जावेसाठी होत्या. बोट आणि आरसा थोरलीचा. दोघी एका घरात राहत, शिवणकारखान्यात शेजारच्या मशीनवर बसत आणि हलकेबाबांच्या दरबारातही शेजारीच. कंबर बारीक व्हावी म्हणून बाबा तिच्यावर फुंकर घालत, मग खिशातून टेप काढून मोजत.

"जड देह नसतो, बाळांनो, जड मन असतं!" बाबा गर्जत. त्यांचं स्वतःचं पोट मांडीवर ऐसपैस बसलेलं असे. ते भक्तांचं उतरवून घेतलेलं, असं पहिल्या रांगेतल्या बायका सांगत.

धाकटीला बाबांनी सांगितलं होतं, तुझ्यावर कृपा आहे, खा. थोरलीला नुसतं फुंकर घातलेलं पाणी. "तुझ्या मनात मत्सर आहे, म्हणून उतरत नाही." मत्सर तर होताच. समोर धाकटी ताट पुसून खाई आणि थोरलीच्या पोटात भूक आणि आग एकदमच भडके. डोळ्यांपुढे अंधारी येऊन सुई बोटात गेली, तेव्हा मुकादम म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मशीनवर बसू देणार नाही, बाई."

सुट्टीच्या सकाळी धाकटी पाठ करून उभी राहिली. "जाऊबाई, स्कर्टचा हूक लावा ना. लागतच नाही मेला."

थोरलीने जोर लावून ओढला. स्कर्ट तिनेच शिवलेला. "अगं, तुझे दोन इंच गेले ना? कुठे गेले, माझ्या कमरेला?"

"कापड आटलं असेल."

"कापडाला नावं ठेवू नकोस. चल, आज चारचौघांत तुझी फजितीच करते."

दरबारात तिने आपली नवी टेप पुढे केली. "बाबा, हिची कंबर या टेपने मोजा."

"ती टेप संसारी आहे!"

"मग तुमची संन्यासी टेप बघू की."

तिने बाबांच्या डाव्या खिशातून लोंबणारी टेप ओढली आणि दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी पसरल्या. एका बाजूची टोकं जुळवली. बाबांची टेप चार बोटं पुढे गेली.

"भिजवून, वजन टांगून ताणलीय," थोरली म्हणाली. " टेप ताणली की आकडे लांब जातात आणि माप कमी भरतं. कारखान्यात असली टेप आम्ही कचऱ्यात टाकतो."

मग तिने बाबांच्या उजव्या खिशातलीही टेप ओढली; ती मात्र तंतोतंत निघाली. डावी लाडक्यांसाठी, उजवी बाकीच्यांसाठी. शेजारणीचे इंच उतरले, माझे का नाही, या जळफळाटावर अख्खा हॉल भरत होता.

"ध्यानाची वेळ झाली," म्हणत बाबा मागच्या दाराने सटकले. थोरली आली होती धाकटीची फजिती करायला, झाली बाबांची. तिला थोडं चुकचुकल्यासारखंच झालं. घरी येऊन ती पोटभर जेवली.

फुंकरीने कुणाची कंबर बारीक होत नाही. वजनाची शंका आली तर डॉक्टरांना विचारा, भूक लागली तर जेवा. दुसरीची कंबर हे आपल्या शरीराचं माप नव्हे.

पहिल्या दिवशी बाबांनी धाकटीला विचारलं होतं, कुणासारखं व्हायचंय? ती म्हणाली होती, माझ्या थोरल्या जावेसारखं.