कूलर बंद, समिती चालू

मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या घरातला कूलर बंद करायला लावण्याची हिंमत एकाच व्यक्तीत आहे. माझी उत्तरा आत्या. ती डासांवर संशोधन करते. तरुण शास्त्रज्ञांना सरकार जे अनुदान देतं, त्यासाठी तिनं तिसऱ्यांदा अर्ज केला होता. आधी दोनदा नापास. पुढच्या महिन्यात तिचं वय मर्यादेबाहेर जाणार, म्हणजे ही शेवटचीच खेप. आज दिल्लीची समिती ऑनलाइन मुलाखत घेणार होती, आणि आमचा कूलर सुरू असला की शेजारच्या नत्थूजींनाही ओरडून बोलावं लागतं.

म्हणून कूलर बंद. आणि मी टेबलाखाली, हातात जुन्या वहीचा पुठ्ठा. कॅमेऱ्यात न दिसता आत्याला वारा घालायचा, ही माझी ड्युटी. शाळेत वादविवाद स्पर्धा जिंकलेली मुलगी, आणि टेबलाखाली!

"चूप बसशील ना वं?" आत्यानं पुन्हा विचारलं. तिचा पाय एकसारखा हलत होता.

"मी तर चूप बसण्यात डॉक्टरेट करून राहिली."

"काजल!"

"बसली, बसली."

मुलाखत सुरू झाली. आत्यानं पाठ केलेलं इंग्रजी धडाधड म्हटलं. डेंग्यूच्या डासाची मादी कूलरच्या टाकीला आतून अंडी चिकटवते. पाणी फेकलं तरी ती तिथंच राहतात, नवं पाणी भरलं की फुटतात. तर टाकीला आतून असा लेप शोधायचा, ज्यावर अंडी चिकटणारच नाहीत. ऐकून ऐकून मलाही तोंडपाठ झालं होतं.

मग एक जाड आवाज हिंदीत म्हणाला, "मॅडम, आठवड्याला टाकी रिकामी करा, एवढं लोकांना सांगितलं की झालं. त्याला संशोधन कशाला?"

अरे, आत्ताच तर सांगितलं तिनं!  मागच्या वेळीही गाडी इथंच अडली होती. तिचा पाय थांबला. तो हलत होता तेव्हा बरं होतं. मी तिच्या पोटरीला चिमटा काढला.

"काजल," ती एकदम मराठीत म्हणाली, "कूलरमधलं पाणी आण. वाटीत."

बाहेर निघताना माझं डोकं टेबलाला आपटलं, ते दिल्लीपर्यंत ऐकू गेलं असणार. मी वाटी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. पाण्यात स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत होत्या.

"सर, ही टाकी माझ्या वहिनीनं रविवारी रिकामी केली," आत्या त्यांना हिंदीत म्हणाली. "आज शुक्रवार."

"ठीक से घिसी नहीं होगी."

दाराआड कान लावून उभी असलेली आई थेट आत आली. "काहून नाही घासली? पाठ मोडून घासली! पंपामागं हात जात नाही, तर काय पाय घालू?"

समितीला मराठी कळलं की नाही माहीत नाही, सूर मात्र कळला. कोणीतरी हसलं. जाड आवाजवाले सर उठून गेले, त्यांच्या चौकटीत नुसती खुर्ची. परत आले तेव्हा शर्टाची एक बाही कोपरापर्यंत ओली होती. त्यांच्याही घरात कूलर असणार.

"तुमचा लेप चालला नाही तर?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर आत्यानं आठवडाभर घोकलं होतं. ती विसरली की तिनं मुद्दामच टाकून दिलं, कोण जाणे.

"मालूम नहीं, सर," ती म्हणाली. "मालूम रहता तो पैसा कायको मांगती?"

मुलाखत संपली. मी आधी कूलर सुरू केला.

"दिल्लीसमोर माझी इज्जत काढली," म्हणत आई बादली घेऊन टाकीकडे निघाली.

"थांबा वहिनी! थोड्या अळ्या मले लागतात. प्रोजेक्ट मिळाला तर पहिला नमुना आपल्याच घरचा."

"आणि नाही मिळाला तर?"

 आत्याचा पाय पुन्हा हलायला लागला होता. मीच लोणच्याची रिकामी बरणी धुऊन आणली आणि अळ्या भरायला बसले.