दोन विहिणी आणि हळदीचा पेन ड्राईव्ह

पारूबाईंनी सकाळी असा काही हंबरडा फोडला, की भिसेगावातली अर्धी आळी धावत आली. कुणाला वाटलं साप निघाला, कुणाला वाटलं सिलिंडर गळतोय. आत येऊन बघतात तर पारूबाई कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसलेल्या. पडद्यावर करडी चौकट होती आणि तिच्यात लिहिलेलं: सिस्टम फाईल खराब आहे, गेम सुरू होऊ शकत नाही.

"मेला माझा गेम! आजच मरायचं व्हतं त्याला!"

लोक हसत हसत परत गेले. हसा बाबांनो, हसा. तुमच्या नातीचं नाव थोडंच पणाला लागलं होतं?

हो, नातीच्या नावाचाच प्रश्न होता. पारूबाईंचा मुलगा केतन आणि सून रिया यांना मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून रिया शिळफाट्याला माहेरी. नाव काय ठेवायचं यावरून दोन्ही आज्यांची जुंपली. रियाची आई सुंदराबाई म्हणे, शनाया. पारूबाई म्हणत, येसू. येसू त्यांच्या आईचं नाव. बाई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात लावणी करत राबली आणि गेली. तिचा एक साधा फोटो कुणी काढला नाही. आता नाव तरी घरात फिरू दे, एवढंच पारूबाईंचं म्हणणं होतं. पण हे त्या कुणाला नीट सांगत नसत, नुसत्या भांडत. पंधरा दिवस फोनवर ते ऐकून केतन-रिया वैतागले आणि म्हणाले, "तुमचा तो गेम हाय ना? खेळून ठरवा. बारशाच्या आदल्या दिवशी सहा वाजेपर्यंत जिचा आकडा मोठा, तिचं नाव."

गेम साधाच होता. रंगीत मण्यांची माळ सरकत येते. एका रंगाचे तीन मणी जुळवले की फुटतात. माळ खड्ड्यात पोचली की संपलं. केतनच्या रसायनीच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, तेव्हा त्यानं दोन सारखेच घरी आणले होते, एक आईला, एक सासूला. तेव्हापासून या दोघी रोज आकड्याचे फोटो एकमेकींना पाठवून चिडवत असत. सुंदराबाईंचा आकडा होता चार लाख अठरा हजार. पारूबाई चार लाख बारावर अडकलेल्या. आणि सहा वाजायची वेळ आजचीच.

केतन ड्युटीवर, त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. मग पारूबाईंनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नम्रताला तिच्या दुकानातून अक्षरशः ओढत आणलं. तिनं अर्धा तास खटपट केली.

"काकू, फाईलीत व्हायरस शिरला होता. अँटीव्हायरसनं तो मारला, पण मारता मारता फाईलच मोडली. तुमच्या गेमला तीच फाईल लागते. अगदी असाच जुना कॉम्प्युटर शोधा आणि ही फाईल त्यातून आणा, मी दोन मिनिटांत बसवते. माझ्याकडं सगळे नवीन." तिनं कागदावर फाईलचं नाव लिहून दिलं आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून पळाली.

अगदी असाच कॉम्प्युटर! अख्ख्या तालुक्यात तो एकाच घरी होता आणि तिथं जायचं म्हणजे शत्रूच्या दारात पदर पसरायचा. पारूबाईंनी दोन मिनिटं विचार केला. मग टीव्हीमागं लटकणारा पेन ड्राईव्ह ओढून घेतला, पायात चपला सरकवल्या आणि शिळफाट्याची रिक्षा पकडली.

सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गालात हसल्या. "न्या की विहीणबाई, फाईल न्या. हरल्यावर तुमाला सांगायला कारण नको राहायला." रियानं बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं फाईल काढून दिली. पारूबाईंनी चहालाही थांबा म्हणू दिलं नाही. दुपारचे दोन वाजले होते.

नाक्यावर येऊन त्यांनी नम्रताला फोन लावला. "मिळाली गं बाय! आलेच बघ!"

"मस्त! काकू, पेन ड्राईव्ह नवाच घेतला ना?"

"नवा कशाला? घरात व्हता की. केतनच्या हळदीच्या गाण्यांचा."

"हळदीचा? तो कुठंकुठं फिरलाय?"

कुठं फिरला नव्हता ते विचारायला हवं होतं! डीजेवाल्याकडं, टेंपोत, चुलत दिराच्या पोराच्या हळदीला, पुन्हा दुसऱ्या डीजेकडं. ज्याच्या घरी हळद, तो येऊन मागून न्यायचा. परवा परत आला तेव्हा गाणी आहेत की उडाली बघायला पारूबाईंनीच तो कॉम्प्युटरला लावला होता.

"अहो काकू!" नम्रता ओरडलीच. "मग व्हायरस त्यातूनच आला! आणि आता तुम्ही तो तिकडं लावलात. ती फाईलही नासली असणार. त्यांचा गेम चालू असेल तोवर चालेल, एकदा बंद केला की उघडणार नाही."

पारूबाईंनी हातातल्या पेन ड्राईव्हकडं बघितलं. आणि मग, खोटं कशाला बोला, मनात एक लबाड विचारही आला. नम्रताला तालुक्याबाहेरून कुठूनतरी फाईल मिळवायला सांगावी. इकडं विहिणीचा गेम बंद पडेल, आकडा चार अठरावरच थांबेल. कुणाला कळणार? पण येसूचं नाव असं चोरून आणायचं? येसूबाईंनी दुसऱ्याच्या बांधावरची शेंग कधी तोडली नव्हती. पारूबाई गर्रकन वळल्या आणि भर उन्हात पळत सुटल्या.

"विहीणबाई, गेम बंद करू नका! तुमचा कॉम्प्युटर मी नासवला!"

झालं. सुंदराबाईंनी जो काही तोंडाचा पट्टा सोडला, तो खोपोलीपर्यंत ऐकू गेला असेल. "घरात घेतलं, फाईल दिली, वर रोग देऊन गेलात! असं करतं का कुणी?" पारूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सुंदराबाईंचे नवरे भिवाजी तेवढ्यात म्हणाले, "हा कॉम्प्युटर आला तवा एक सीडी व्हती बॉक्सात. चालंल का?"

भिवाजी म्हणजे मिठाईच्या बॉक्सची सुतळीसुद्धा जपून ठेवणारा माणूस. कपाटातून सीडी निघाली, प्लास्टिकसकट! पारूबाईंनी नम्रताला फोन केला, तर ती फोनमध्येच किंचाळली, "कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचीच सीडी? तिच्यावर काही लिहिता येत नाही, म्हणजे व्हायरस तिच्यात जाऊच शकत नाही! हात लावू नका, मी निघाले!"

पावणेचारला तिची स्कूटी दारात. कॉम्प्युटर तिनं आणलेल्या डिस्कवरून सुरू केला, व्हायरस हुडकून पुसला, मग भिवाजींच्या सीडीतून चांगली फाईल काढून जागेवर बसवली. तोवर कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी नम्रतानं गेमवर बोट दाबलं. काळा पडदा. आणि टण्णकन रंगीत माळ सरकत आली!

"चालू झाला गं!" पारूबाईंनी नम्रताचे गाल ओढले. मग घड्याळ बघितलं आणि चेहरा उतरला. घरी पोचून फाईल बसवेपर्यंत सहा वाजून जाणार.

सुंदराबाईंनी खुर्ची सरकवली. "बसा."

"हितं? तुमच्या कॉम्प्युटरवर?"

"मग काय! उद्या लोकांनी म्हणायचं, सुंदरा व्हायरसच्या जिवावर जिंकली? बसा म्हंते ना!"

पारूबाई बसल्या. पहिला डाव तीन लाखांवर संपला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्याला साडेपाच वाजून गेलेले. माळ सरसर येत होती, पारूबाईंचं बोट थांबत नव्हतं. लाल, लाल, लाल, फुटले! पिवळे फुटले! तीन लाख नव्वद. चार लाख. "डावीकडं बघा, डावीकडं!" असं ओरडलं कोण, तर सुंदराबाई! आपण कुणाच्या बाजूनं आहोत हेच त्या विसरल्या. चार पंधरा. माळ खड्ड्याच्या तोंडाशी. पारूबाईंनी डोळे मिटून शेवटचा निळा मणी सोडला. धडाधड अख्खी रांग फुटली.

चार लाख एकोणीस हजार दोनशे.

पारूबाई खुर्चीवरून उठून नाचल्या, नम्रता नाचली, रिया बाळासकट नाचली. मग पारूबाईंचं लक्ष सुंदराबाईंकडं गेलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पारूबाईंना कसंसंच झालं. मग जे पंधरा दिवसांत सांगितलं नव्हतं तेच त्यांनी तिथं उभ्याउभ्या सांगून टाकलं: लावणी, आई, नसलेला फोटो.

तेवढ्यात भिवाजींचा फोन वाजला. केकवाला विचारत होता, उद्याच्या केकवर नाव काय टाकू? भिवाजींनी फोन पारूबाईंच्या हातात दिला.

गोंधळानं बाळ रडायला लागलं होतं. सुंदराबाई पुढं आल्या, त्यांनी रियाच्या हातातून त्याला घेतलं आणि खांद्यावर थोपटायला लागल्या.

"उगी गं, उगी. येसू, ए येसू, रडू नको गं माझे बाय."

आई गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारलेली पारूबाईंनी ऐकली नव्हती. त्यांनी हातातला फोन पुढं केला, आणि मग सुंदराबाईंनीच तो घेऊन केकवाल्याला नाव सांगितलं.