बारावा चौकोन

ऑर्फाने गोधडीचं एक टोक हनुवटीखाली धरलं आणि दोन्ही हात ताणून ती उलगडली. खाली घसरणारा भाग फे आणि विल्मा जीन यांनी दोन बाजूंनी झेलला. चर्चच्या तळघरातल्या पांढऱ्याफटक उजेडात बारा चौकोन एकदम डोळ्यांत भरले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"वाच ना मावशी," फे म्हणाली. "नावं वाच आता. केक वाट बघतोय."

हिकरी खोऱ्यातली ही जुनी रीत. खोरं सोडून जाणाऱ्या बाईला नावांची गोधडी द्यायची. प्रत्येकीने आपापल्या घरी बसून एक चौकोन शिवायचा. कापड आपल्याच घरात कुणाच्या तरी अंगावर जुनं झालेलं हवं, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर दोऱ्याने आपलं नाव भरायचं. त्याला दुसरीचा हात लागू द्यायचा नाही. मग सगळे चौकोन जोडायचे, छताला टांगलेली मोठी लाकडी चौकट खाली उतरवायची आणि भोवती बसून सगळ्यांनी मिळून धावदोरा घालायचा. जिला ती द्यायची तिने शेवटच्या दिवशी येऊन एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि त्या त्या बाईशी दोन शब्द बोलायचे.

अशा गोधड्या ऑर्फाने स्वतः उभ्या राहून किती करवून घेतल्या होत्या! खाणी बंद पडल्या त्या वर्षी तर दर महिन्याला एखादं कुटुंब चंबूगबाळं आवरून ओहायोची वाट धरत होतं, आणि दर महिन्याला चौकट खाली उतरत होती. हे मंडळ तिनेच चालवलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि कापडावर वाकडा टाका राहू द्यायचा नाही, अशी तिची ख्याती. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून ती काठीवर आली होती, आणि मुलगा ड्वेन तिला आपल्याकडे, ओहायोतल्या डेटनला न्यायला निघाला होता. जायची तिची काडीचीही इच्छा नव्हती. घर गेलं, कोंबड्या गेल्या, भांडीकुंडी ज्यांना हवी त्यांनी नेली; ती एका शब्दाने बोलली नाही. तिला फक्त गोधडी हवी होती. चाळीस वर्षं आपण या बायकांमध्ये काढली, ती कुणाच्या खिजगणतीत होती की नव्हती, हे त्या चौकोनांवरून तिला कळणार होतं. गेले कित्येक दिवस अंथरुणात पडल्या पडल्या ती हाच विचार करत होती, की फे कुठलं कापड काढेल, लिटी कुठलं.

तिने चष्मा नाकावर सारखा केला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

नाव फेचं होतं. अक्षरं सुबक होती. पण दोऱ्याचा पीळ डावीकडे कललेला होता.

ऑर्फाचं बोट पुढच्या नावावर गेलं. विल्मा जीन. पीळ डावीकडे. त्याच्या शेजारी लिटी. डावीकडे. खालची ओळ तिने नुसत्या नजरेने वाचली, आणि मग तिला वाचायची गरज उरली नाही. उजव्या हाताने सुई धरणारीचा टाका असा पडत नाही. आणि डाव्या हाताने शिवणारी या खोऱ्यात एकच बाई होती. ती या घडीला तळघराच्या मागच्या टोकाला, कॉफीच्या भांड्यापाशी कप रचत उभी होती.

मॉझेल लग्न होऊन खोऱ्यात आली तेव्हाच ऑर्फाने तिचे टाके पाहून कपाळाला हात लावला होता. वाईट शिवणारीला चौकटीवरून उठवायचं नाही, हा मंडळाचा सभ्यपणा. ती घरी गेली की तिचे टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे, हा मंडळाचा व्यवहार. मॉझेलचे टाके ऑर्फाने पुष्कळ उसवले. तिचा नावाचा चौकोन पहिल्यांदा आला तेव्हा तो सगळ्या ओळीत वेगळाच दिसत होता, म्हणून ऑर्फाने तो बाजूला ठेवला आणि त्या जागी गावाचं नाव भरून घातलं. दिसायला ते इतकं छान दिसलं की पुढे तीच रीत पडली, बारावा चौकोन गावाचा. मॉझेलकडे सुया ओवायचं आणि कॉफीचं काम आलं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे दुःखही नाही, असंच ऑर्फा धरून चालली होती.

"मावशी, गळा दाटून आला का गं?" विल्मा जीनने विचारलं.

"दाटतो आहे," ऑर्फा म्हणाली. मग तिने मोठ्याने वाचलं, "फे. निळी रेघ छान निवडलीस. तुझ्या क्लाइडचा शर्ट वाटतं?"

"त्याचाच," फे म्हणाली. "कोपरावर फाटला तरी सोडत नव्हता मेला. अंगावरून ओरबाडून काढला म्हण."

बायका हसल्या. ऑर्फाही हसली. तो शर्ट मॉझेलच्या नवऱ्याचा, हार्लनचा होता. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. चर्चमध्ये त्याची जागा ऑर्फाच्या बरोबर पुढच्या बाकावर होती, आणि वर्षानुवर्षांची प्रवचनं तिने त्या निळ्या रेघांकडे बघत ऐकली होती. शेजारच्या चौकोनातली तपकिरी चौकड्यांची फ्लॅनेलही त्याचीच. खालच्या ओळीतले पिवळे ठिपके मॉझेलच्या जुन्या झग्याचे.

"विल्मा जीन. कोपरे कसे एकमेकांना भिडलेत! एवढी सफाई तुझ्या हाताला कधीपासून आली गं?"

"तुझ्याच हाताखाली शिकले ना," विल्मा जीन म्हणाली, आणि टेबलावरच्या कापडाची न पडलेली चुणी सारखी करायला वाकली.

तिसऱ्या नावापाशी ऑर्फा थांबली. लिटी तिच्यापेक्षाही मोठी. दोघींनी एकाच वर्षी बाळं पुरली होती आणि त्यावर दोघी पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. लिटीने तरी केला असेल, असं तिला अजून वाटत होतं. डोळ्यांनी दिसत असूनही वाटत होतं.

"लिटी, हा तू केलास?"

"अगं केला की!" लिटीने खुर्चीतून हात लांब करून तिचा गाल थोपटला. "डोळे गेले माझे, बोटं वाकली, पण तुझ्यासाठी केला बाई."

त्यानंतर उरलेली नावं ऑर्फाने भराभर वाचली. प्रत्येकीला काही ना काही गोड बोलली. प्रत्येकीने ते गोड मानून घेतलं. शेवटी तिने "हिकरी खोरं" असं वाचलं, पुन्हा टाळ्या झाल्या, आणि सुक्या सफरचंदाचा थराथरांचा केक कापायला सगळ्या टेबलाकडे वळल्या. पाणी पिऊन येते, असं सांगून ऑर्फा काठी टेकत मागच्या स्वयंपाकघरात गेली.

मॉझेल मोरीशी कप विसळत होती.

"सगळे तूच केलेस," ऑर्फा म्हणाली.

मॉझेलने नळ बंद केला नाही. "सगळे नाही. लिटीने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं होतं. फार वेडंवाकडं होतं, म्हणून मी उसवून पुन्हा भरलं. तुझ्याकडूनच शिकले."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांना विचार. बाहेरच आहेत."

"मी तुला विचारतेय."

"फेला तीनदा आठवण केली. दिवसभर कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवून येते, घरी सुई डोळ्यांसमोर नको वाटते म्हणाली. खोटं नसेल ते. विल्मा जीन म्हणाली, दुकानातून विजेचं पांघरूण आणू, म्हातारीला तिकडे ऊब राहील." मॉझेलने एक कप उपडा ठेवला. "एकीने म्हटलं, ऑर्फाला चौकोन द्यायचा म्हणजे म्हातारपणी परीक्षेला बसायचं. डेटनला बसून एकेक चूक काढत राहील."

"कोण म्हणालं?"

"आता नाव घेऊन काय करणार आहेस? सगळ्या होत्या तिथे. कुणी तिला गप्प बस म्हणालं नाही."

बाहेर कुणीतरी कसल्यातरी गोष्टीवर खदखदून हसलं. ऑर्फाने काठीवरचा हात बदलला. खुबा ठणकत होता, पण बसायला तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मॉझेलचा कोट होता.

"मग तू का केलेस?"

"खोऱ्यातून बाई रिकाम्या हातांनी जात नाही, म्हणून. तुझ्यासाठी नाही केले ऑर्फा, भलतं काही मनात घेऊ नकोस."

"हार्लनचे शर्ट कापलेस."

तेव्हा पहिल्यांदा मॉझेलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "अकरा बायकांची अकरा कापडं कुठून आणू? माझ्याकडे जे होतं ते कापलं. कपाटात लटकून तरी काय करत होते?"

"आणि तुझं नाव?"

"बारावा चौकोन गावाचा असतो. नियम तुझाच."

मॉझेलने नळ बंद केला, हात पुसले, आणि कोरडाच असलेला एक कप पुन्हा पुसायला घेतला.

"बाहेर सांगायचं असेल तर सांग," ती कपाकडे बघत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी अडवणार नाही."

ऑर्फा बाहेर आली. फेने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि केकची बशी मांडीवर ठेवली. विल्मा जीनने गोधडी तिच्या गुडघ्यांवर पसरली. लिटीने खुर्ची ओढून तिचा हात आपल्या हातात घेतला तो सोडलाच नाही. कुणी तिच्या कोंबड्यांची नक्कल केली, कुणी तिने पाद्र्याला व्याकरणावरून झापलं होतं त्याची गोष्ट सांगितली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. हेच तर अवघड होतं. खोटं असतं तर ऑर्फाने एका वाक्यात एकेकीची सालटी काढली असती. वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं. पण ते उच्चारलं की लिटी हात काढून घेणार, हेही तिला दिसत होतं. अकरा नावं एका दमात उसवली जाणार आणि मागे एकच राहणार, तेही मॉझेलचं. ते एकटं नाव पांघरून परक्या गावात झोपायची तिच्यात हिंमत नव्हती. तिने केक खाल्ला. केक गोड होता. आणखी एक तुकडा तिने स्वतःहून मागून घेतला.

ड्वेन आला तेव्हा पाऊण तळघर रडत होतं. त्याने आईला एका बाजूने उचलून धरत पायऱ्या चढवल्या. बायका मागोमाग वर आल्या आणि चर्चच्या दारात घोळका करून उभ्या राहिल्या. मिठ्या मारून झाल्या, पत्र लिहायची वचनं देऊन झाली. गोधडी खालीच राहिली होती; ती घडी करून मॉझेल घेऊन आली.

ऑर्फा पुढच्या सीटवर बसली होती. मॉझेलने मागचं दार उघडून गोधडी सीटवर ठेवली. ड्वेनने वाकून वरच्या घडीवरून हात फिरवला.

"काय काम आहे हो! आमच्या तिकडे हे भिंतीवर लावतील." मग त्याने नावं वाचायला दोन घड्या उलगडल्या. "मॉझेल मावशी, यातला तुमचा कुठला?"

मॉझेलने पुढच्या सीटकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती थांबली होती. दारातल्या बायकांचं बोलणं बंद पडलं. फेने नजर खाली नेली, आणि लिटी, जिला एरवी ओरडून सांगावं लागे, तिलाही हे बरोबर ऐकू गेलं असावं.

ऑर्फाने समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं.

"तिचा नाही यात," ती म्हणाली. "तिला शिवण जमत नाही रे. कॉफी मात्र चांगली करते. चल, काळोख व्हायच्या आत नदी ओलांडू."

दारात कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. हात पुन्हा हलू लागले. ड्वेन गाडीला वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसला. उलगडलेल्या गोधडीचा एक कोपरा सीटवरून बाहेर लोंबत होता. मॉझेलने तो उचलला, झटकला, नीट दुमडून आत सारला, कुठे चिमटणार नाही ना ते पाहिलं, आणि मग दार लावलं.